हिरवी सही आणि मुक्कामी गाडी

नानांना जाऊन आता चौथा महिना लागला. त्यांच्यावर काहीतरी लिहा, असं मला लोक तिसऱ्या दिवसापासून सांगत होते. त्यांची पत्रं मीच लिहीत असे, त्यामुळे लिहायचं म्हटलं की गावात माझंच नाव निघतं. पण मला लिहायला वेळ लागतो. नाना असते तर म्हणाले असते, "गुरुजी, तुमचं 'सप्रेम नमस्कार' लिहून होईस्तवर समोरचा साहेब रिटायर होतो."

नाना आमदार होते. वरच्या सभागृहातले, तीन वेळा. त्या निवडणुकीत मत द्यायला जिल्हा परिषदेचे आणि नगरपालिकांचे सदस्य जातात, गावातल्या माणसाचा तिच्याशी संबंध नाही. तरीही नेकनूरपासून आत आमच्या गावापर्यंतचा प्रत्येक माणूस नानांसमोर बसला की पहिलं वाक्य हेच बोलायचा, "नाना, आमी तुमालाच मत दिलंय." नाना हात जोडायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "उपकार झाले." अठरा वर्षांत त्यांनी एकालाही दुरुस्त केलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "त्याला वाटतंय ना दिलंय म्हणून? मग आपल्याला बी मिळालंच की."

तिसरी मुदत संपल्यावर त्यांनी नवं लेटरपॅड छापून घेतलं. नावाआधी 'माजी' घालणं भाग होतं. छापखानेवाल्यानं विचारलं, किती मोठं घालू? नाना म्हणाले, "वाचता आलं पायजे, पर दिसलं न्हाई पायजे." ते त्यानं अचूक साधलं. त्या 'माजी'साठी मी स्वतः चष्मा बदलून पाहिला आहे.

मी नेकनूरच्या हायस्कुलात ग्रंथपाल होतो. वर्गावर कधी गेलो नाही, तरी गावानं गुरुजी केलं. निवृत्त झालो, घरात एकटाच, म्हणून नानांनी सकाळी बैठकीत बोलावून घेतलं. बैठक म्हणजे त्यांच्या घराची पुढची लांब खोली. सतरंजी, लोड, भिंतीला सभागृहातले गटाचे फोटो, आणि कोपऱ्यात माझं बुटकं मेज. आठ वाजले की माणसं यायची. कुणाची बदली, कुणाची विहीर, कुणाचा जातीचा दाखला, कुणाला शेजाऱ्याची विहीर होऊ द्यायची नाही. नाना सगळ्यांचं ऐकायचे, चहा पाजायचे आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणायचे, "गुरुजी, द्या ह्यांना एक पत्र." नाही हा शब्द मी त्या खोलीत कधी ऐकला नाही.

मग एवढी सगळी कामं होत कशी होती? होत नव्हतीच. हे कळायला मला तीन वर्षं लागली. नानांच्या खिशात दोन पेनं असत, एक निळं आणि एक हिरवं. मला वाटायचं, हाताला येईल ते काढतात. एके दिवशी एका विहिरीची दोन्ही पत्रं एकाच सकाळी गेली, विहीर पाहिजे असलेल्याचं आणि ती नको असलेल्याचं. दोन्हींत मी तितकीच कळकळ ओतली होती. पहिल्यावर हिरवी सही झाली, दुसऱ्यावर निळी. पाहिजे असलेल्याची विहीर झाली. माणसं गेल्यावर मी नानांच्या खिशाकडे बघत राहिलो.

"कळलं वाटतं," नाना म्हणाले.

"साहेब लोकांना माहीत आहे?"

"त्यान्लाच तर माहीत हाय. हिरवं आलं की काम करायचं. निळं आलं की माणसाला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, आन बघतो म्हणायचं." मग जरा ओशाळून म्हणाले, "न्हाई म्हणायला माझी जीभ वळत न्हाई हो गुरुजी. म्हणून ते काम शाईला दिलंय."

मी पुस्तकं वाचणारा माणूस. मला ही फसवणूक वाटली, आणि तसं मी बोललो. नानांनी पान लावता लावता ऐकून घेतलं. म्हणाले, "धा पत्रं लिवली तर एक काम व्हतं. धाच्या धाला हिरवं केलं तर ते एक बी व्हायचं न्हाई." मला ते पटलं नाही. पटलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन अधिवेशन झाल्यावर करू, असं ते म्हणत. अधिवेशनाशी त्यांचा काही संबंध उरला नव्हता, पण सवय. हळूहळू त्यांना निळं-हिरवं ओळखू येईना. मग त्यांनी दोन्ही पेनं माझ्या मेजावर ठेवली. पत्र लिहून झालं की मी ते त्यांच्यापुढे धरायचो आणि ते हलकेच म्हणायचे, "निळं." कधी, "हिरवं." समोरच्याला वाटायचं, म्हातारा पेनांची चौकशी करतोय.

पहिल्यांदा मी पेन बदललं ते एका अंगणवाडीच्या मदतनीस बाईसाठी. दोन तास पायऱ्यांवर बसली होती, तिचं लेकरू मांडीवर झोपलं होतं. नाना म्हणाले, "निळं." मी हिरवं दिलं. नाना छान सही करून मोकळे झाले. आठवड्यानं बाईचं काम झालं आणि ती पेढे घेऊन आली. नाना चकित झाले, मग खूश झाले, मग म्हणाले, "बघा, अजून वजन हाय आपलं."

त्यानंतर मला ते व्यसनच लागलं. मी पस्तीस वर्षं ग्रंथालयात काढली, जन्मात कुणाला कार्डाशिवाय पुस्तक दिलं नाही. आणि आता रोज सकाळी एकेकाला हिरवी शाई वाटत होतो. कुणाचे डोळे भरलेले दिसले, हिरवं. कुणी लांबून चालत आला, हिरवं. पुढे पुढे तर कुणी माझ्या अक्षराचं कौतुक केलं तरी हिरवं. नानांना कळलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

त्या वर्षी आषाढात नारायणगडाच्या यात्रेला जादा गाड्या लागल्या. आमच्या गावाला एक मुक्कामी गाडी होती. लाल गाडी संध्याकाळी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावात झोपायचे आणि सकाळी सहाला तीच गाडी बीडला निघायची. ती चार दिवसांसाठी गडाकडे वळवली, असं सांगितलं. यात्रा संपली, गडावरचे लोक घरी आले, गाडी काही आली नाही.

पंधरा दिवसांनी बैठकीत एक आजी आली. सोबत नात, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मुलीचे आईबाप दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या लेखी नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरगी मागे आजीजवळ राहून शिकली, आणि सहाच्या गाडीनं बीडला जाऊन आठच्या आत वॉर्डात हजर राहायची. आता गाडी नव्हती. काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि साडेआठच्या आत भरत नाही. गैरहजेरी वाढली होती, कॉलेजनं ताकीद दिली होती, होस्टेलची यादी कधीच लागून गेली होती.

"नाना, बाप म्हणतोय दसऱ्यापातूर वाट बघतो," आजी म्हणाली. "गाडी आली तर शिकंल, न्हाई तर आमच्यासंगं चल, सैपाक कर, मोळ्या वाहा. एकदा फडात गेली की ती काय परत वॉर्डात जात न्हाई. माझी काय गेली का?"

पोरगी खाली बघत होती. नाना तिला म्हणाले, "काय शिकलीस गं आत्तापातूर?"

"बीपी घ्यायला, इंजेक्शन द्यायला."

"दुखतं का तुझं इंजेक्शन?"

"देताना मला न्हाई दुखत," ती म्हणाली, आणि नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच मोठ्यानं, सगळ्यांदेखत म्हणाले, "हिरवं. गुरुजी, हिरवंच द्या."

मी ते पत्र जीव लावून लिहिलं. गावाचा इतिहास, निजामाच्या काळापासूनची दळणवळणाची आबाळ, स्त्रीशिक्षणाचं महत्त्व, 'लोकभावना अत्यंत तीव्र आहेत' वगैरे. दोन पानं झाली. नानांनी हिरवी सही केली. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र दिलं, तेही हिरवं. श्रावण संपत आला. आजी एक दिवसाआड बैठकीत यायची, दाराशी बसायची आणि चहा घेऊन जायची. ती चहा पीत असताना मी मेजावरचे कागद उगाच सारखे करत बसायचो.

शेवटी मीच चौकशीला आगारात गेलो. तिथला जुना कारकून ओळखीचा, माझ्या ग्रंथालयात रहस्यकथा वाचून मोठा झालेला. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाला, "बघतो." ती निळ्या सहीची खुर्ची होती.

"अरे, पत्र हिरवं आहे," मी म्हणालो.

त्यानं कपाटातून एक फाईल काढली आणि माझ्यापुढे पत्रं पसरली. एकाला घरासमोर थांबा पाहिजे. एकाला कंडक्टरची बदली पाहिजे, कारण तो सुट्टे देत नाही. एकाला गाडीचा हॉर्न बदलून पाहिजे. अकरा पत्रं, माझं अक्षर, सगळ्यांवर हिरवी सही.

"गुरुजी, नानांची हिरवी आता पावसाळ्यातल्या गवतासारखी झालीय, जिकडं बघावं तिकडं," तो म्हणाला. "त्यान्ला म्हणावं, एखादं निळं पाठवा. निळं बघून आमी जरा दचकून तरी जाऊ."

येताना जीप भरायला दीड तास लागला. त्या दीड तासात मी नानांना काय सांगायचं, याचे तीन मसुदे मनात केले. घरी जाऊन एकही वापरला नाही. "नाना, मी सगळ्यांना हिरवं देत होतो," एवढंच म्हणालो.

नानांनी पानाचा डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "मला वाटलंच व्हतं. त्या हॉर्नवाल्याचं पत्र मी वाचून घेतलं तवा तुमी पेन देताना माझ्याकडं बघत नव्हता." पुढे म्हणाले, "आन एकानं तलाठ्याची बदली मागितली, ती व्हऊ नये म्हणून मी निळं म्हणलो व्हतो. ती बी झाली. तो बिचारा आष्टीला गेला. लेकरंबाळं इथं."

"मग बोलला का नाहीत?"

"माणसं पेढे आणत व्हती," नाना म्हणाले. "बरं वाटत व्हतं."

यानंतर रागावतील म्हणून मी उभाच होतो. त्यांनी खुंटीवरची टोपी काढून झटकली आणि म्हणाले, "उद्या चला. आता शाईचं काय खरं न्हाई, सोता जावं लागंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आगारात गेलो. आगारप्रमुख नव्यानं आलेल्या, वऱ्हाडाकडच्या, तिशीच्या बाई. उठून उभ्या राहिल्या, नानांना बसवलं. नानांनी घसा साफ केला आणि जिल्ह्याच्या दळणवळणाचा विषय सुरू केला. बाईंनी पाच मिनिटं ऐकलं. मग नम्रपणे म्हणाल्या, "सर, तुमची दोन्ही पत्रं मी वाचली आहेत."

"हिरवी व्हती," नाना म्हणाले.

"हो का? मी सहीचा रंग नाही बघितला. मजकूर वाचला." त्यांनी फाईल उघडली. "मुक्काम कशामुळे बंद झाला ते इथं लिहिलंय. ग्रामपंचायतीची खोली गळते. संडास नाही. एका कंडक्टरच्या अंथरुणात विंचू निघाला. स्टाफनं मुक्कामाला नकार दिलाय. पत्र छानच आहे, निजामाच्या काळाची माहिती तर मला नवीनच. पण ड्रायव्हर झोपणार कुठं, ते दोन पानांत कुठंच नाही."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. पस्तीस वर्षं चांगल्या गद्याची संगत केल्याचं फळ म्हणजे ही दोन पानं.

"आमच्या बैठकीत झोपतील," नाना म्हणाले. "छत पक्कं हाय, संडास हाय. विंचवाचं मी सांगू शकत न्हाई, पर अजून एकाही मतदाराला चावला न्हाई."

बाई हसल्या. "तसं लेखी द्या."

मी तिथेच एका कागदावर तीन ओळी लिहिल्या. नानांनी निघताना मेजावरून खिशात टाकलेलं पेन चाचपत काढलं आणि सही केली. कोणत्या रंगाची झाली ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी गाडी आली. मुलीचे आईबाप ठरल्याप्रमाणे गेले, दोघंच. पोरगी मागे राहिली.

पुढचं दीड वर्ष नानांच्या बैठकीत दोन परमनंट मतदार असायचे. पाळ्या बदलत, पण बहुतेक वेळा तेच दोघं यायचे. एक जाडजूड ड्रायव्हर आणि एक किडकिडीत कंडक्टर. पिठलं-भाकरी खायची आणि नानांचं ऐकायचं. नानांना इतका हक्काचा श्रोता सभागृहातही मिळाला नव्हता, कारण या दोघांना सकाळी सहापर्यंत कुठं जाता येत नव्हतं.

"नाना, तुमी तिकडं मुंबईत बी एवढंच बोलायचा का?" ड्रायव्हरनं एकदा विचारलं.

"तिथं येळ संपला की घंटा वाजवायचे."

"मंग आमी बी वाजवतो की," कंडक्टर म्हणाला, आणि त्यानं पाण्याच्या तांब्यावर अंगठीनं दोनदा वाजवलं, टण टण. ही गाडी सोडायची खूण. तेव्हापासून नाना रंगात आले की तांब्या वाजायचा. नाना "सभापती महोदय, एकच मिनिट" म्हणायचे आणि आणखी वीस मिनिटं घ्यायचे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी त्याच हिवाळ्यात केलं. डोळ्यांत थेंब घालायला पोरगी गाडीवर जायच्या आधी यायची. पहाटे कानाला मफलर गुंडाळून नाना ओट्यावर बसलेले, ती थेंब घालते आहे, कंडक्टर "बाई, उशीर व्हतोय" म्हणतो आहे, आणि नाना डोळे मिटून त्याला सांगताहेत, "थांब रे, माझा इलाज चाललाय, ही जनतेची गाडी हाय." तिनं तिसऱ्या वर्षात पाऊल टाकलं, तोवर तिला नानांचं बीपी तोंडपाठ झालं होतं.

पत्रं कमी झाली. हिरवं पेन नानांनी बंद करून माझ्याकडे ठेवायला दिलं. कुणी आलं की ते आता आधी विचारायचे, "अडलंय कुठं, ते सांगा." मीही पत्रं अर्ध्या पानाची लिहू लागलो. ते मला फार जड गेलं.

माघात एका सकाळी गाडी गेली आणि नाना ओट्यावरच बसून राहिले. पुण्याहून आलेल्या सूनबाई चहा घेऊन गेल्या, त्यांनी हाक मारली. ते नेहमी डोळे मिटून ऐकत, म्हणून त्यांना वाटलं, ऐकताहेत.

दहाव्याला जिल्ह्यातले सगळे पुढारी आले. भाषणं लांबली. कुणी सभागृहातली कामगिरी सांगितली, कुणी पाझर तलाव सांगितले. मागे त्या दोघांची गाडी उभी होती. गाडीतून उतरून ते लोकांत बसले होते. एक वक्ता फारच रंगला, तेव्हा कंडक्टरनं शेजारच्या पाण्याच्या तांब्याकडे हात नेला. ड्रायव्हरनं त्याचा हात धरला. मी ते पाहिलं आणि मला त्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं.

तेराव्यानंतर नानांची मुलं-सुना पुण्याला परतली. बैठकीला कुलूप लागलं. त्यांचं काही चुकलं नाही, घर उघडं किती दिवस ठेवणार? त्या संध्याकाळी गाडी आली आणि दोघं कुलपापुढे उभे राहिले.

"आज गाडीतच झोपतो गुरुजी," ड्रायव्हर म्हणाला. "पर रोज न्हाई जमायचं. मॅडमनं इचारलं तर खरं सांगावं लागंल."

पोरीची शेवटच्या वर्षाची परीक्षा राहिली होती. आजी तिच्या दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. ह्या वेळी तिच्या हातात चहाही नव्हता.

माझं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत कॉट आणि जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं. त्या कॉटवरही पुस्तकंच झोपतात. पस्तीस वर्षं मी कुणाला तिथं बसू दिलं नाही. मी म्हणालो, "या."

दोघांनी मिळून कॉट मोकळी केली. ड्रायव्हर एकेक पुस्तक असं उचलत होता जसं एखादं तान्हं लेकरू. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, एवढी वाचली तुमी? मंग सुट्टे पैसे कधी मोजले?"

आगाराला लेखी द्यायचं होतं. मी लेटरपॅड नसलेला साधा कागद घेतला आणि लिहिलं: 'गाडीचे चालक व वाहक यापुढे माझ्या घरी मुक्काम करतील. छत गळत नाही. संडास आहे. पाणी आहे. विंचू अद्याप दिसलेला नाही.' नमस्कार आधी राहिला, तो शेवटी घातला. सही करायला नानांचं हिरवं पेन काढलं. ते वाळून गेलं होतं. पोरगी दारात आली होती, तिच्या ॲप्रनच्या खिशात कॉलेजचं बॉलपेन होतं. ते घेतलं आणि सही केली. निळी झाली.

काम झालं.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मी हे लिहितो आहे ते दोघांना कळलं आहे, आणि रोज संध्याकाळी जेवताना कंडक्टर विचारतो, "कुटवर आलं?" मी म्हणतो, अजून माघातच आहे. तो तांब्या उचलतो आणि अंगठीनं दोनदा वाजवतो.

मी म्हणतो, एकच मिनिट.